‘मार खोटा’ म्हणून हात झटकू नका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या स्तंभात एका ज्येष्ठ वाचकांनी मोबाइलवरच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ कुस्तीचा चांगलाच समाचार घेतला. आपली तांबड्या मातीतली कुस्ती अस्सल आणि ती अमेरिकन कुस्ती निव्वळ नुरा. निकाल आधीच ठरलेला, मार खोटा, रक्त खोटं, असं त्यांचं म्हणणं. मातीबद्दलची त्यांची तळमळ मला शंभर टक्के मान्य आहे. बेळगाव तालुक्यातल्या यात्रांच्या मैदानांत मी निवेदन करतो. हलगी, घुमकं आणि कैताळ यांच्या वर आवाज चढवून मराठीत, आणि जोड गोकाक-हुक्केरीकडची असली की कन्नडमध्येही, पैलवानांची नावं पुकारण्यात माझी उमर गेली. पण ‘मार खोटा’ या म्हणण्याला माझी सक्त हरकत आहे. आपण ते घरात, कट्ट्यावर सहज बोलून जातो आणि पोरं ऐकत असतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गल्लीत काय झालं ते सांगतो. नववीतली पोरं. लग्नाचा मांडव उतरवून मांडववाल्यानं फळ्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. त्यातली एक पोरांनी उचलली आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आडवी टाकली. एक जण त्या फळीवर उताणा झोपला, दुसरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढला, तिसरा मोबाइल धरून उभा राहिला. वरच्यानं हात पसरले आणि उडी घेतली. फळी मोडलीच नाही. ती एका अंगाला कलली, खालचा पोरगा घसरून बाजूला पडला आणि वरचा खांद्यावर आपटला. हासळीचं हाड मोडलं. फळीत राहिलेल्या खिळ्यानं खालच्याचा दंड फाडला. दवाखान्यात हात गळ्यात बांधून बसलेल्या पोराला मी विचारलं, “असं का रं केलास?” तो म्हणाला, “काका, ते सगळं खोटं असतंय की. आजोबाच म्हणतात. त्यांना काय लागत नाही, मग मला कसं लागलं?”

पोराचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आपणच द्यायला हवं. त्या कुस्तीत कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं, हे खरं. दोघं एकमेकांना सांभाळून घेतात, हेही खरं. पण ज्या रिंगणात ते पडतात ते लोखंडी चौकटीवर टाकलेल्या लाकडी फळ्यांचं असतं. त्यावर पातळ फोम आणि कॅनव्हास, एवढंच. आपली माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून, रोज फावड्यानं खणून मऊ केलेली असते. तिथं तसं काही नाही. पडायचं कसं हे ते वर्षानुवर्षं शिकतात: हनुवटी छातीला चिकटवायची, पाठ सपाट टेकवायची, हात पसरून आपटायचे म्हणजे धक्का एका जागी बसत नाही. एवढं करूनही गुडघे, कंबर, मान झिजतेच. खुर्ची लोखंडाचीच असते. निकाल ठरवता येतो, पण जमिनीचा कठीणपणा काही ठरवून कमी होत नाही.

हे पोरांना पटवायचं असेल तर माझ्या मते एकाच माणसाची कारकीर्द सांगावी. त्याचं नाव टेरी फंक. आपल्याकडची पोरं जॉन सीना, अंडरटेकर, आपला खली यांना ओळखतात. फंक त्यांना फारसा ठाऊक नाही. पण टेबलं, खुर्च्या, काटेरी तारा यांची जी ‘हार्डकोअर’ कुस्ती पोरं बघतात, तिच्या मोठ्या वस्तादांपैकी तो एक. पहिली कुस्ती १९६५ साली, शेवटची २०१७ साली. बावन्न वर्षं अंगावर मार घेतला या माणसानं.

तो जन्मला ३० जून १९४४ रोजी आणि वाढला टेक्सासातल्या अमरिलो भागात. वडील डोरी फंक सीनियर स्वतः पैलवान, आणि अमरिलोजवळच्या ‘बॉइज रँच’ या निराधार, वाया चाललेल्या मुलांच्या वसतिगृहाचे काही काळ अधीक्षक. म्हणजे टेरी आणि त्याचा थोरला भाऊ डोरी ज्युनियर हे दोघं त्या पोरांत आणि कुस्तीतच वाढले. अंगाला माती लागलेल्या घरातला माणूस कसा असतो हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. १९७३ साली वडील हृदयविकाराच्या झटक्यानं गेले, तेही घरी एका पैलवानाशी झोंबी घेतल्यानंतर.

या घराण्याचा एक मान अजून कुणी हिसकावलेला नाही. ‘एनडब्ल्यूए’चा, म्हणजे अमेरिकेतल्या कुस्ती भरवणाऱ्यांच्या संघटनेचा, जागतिक किताब दोघा सख्ख्या भावांनी मिळवला, असं हे एकच उदाहरण. डोरीकडे तो १९६९ पासून चार वर्षांवर होता. टेरीनं १० डिसेंबर १९७५ रोजी मायामी बीचमध्ये जॅक ब्रिस्कोला हरवून तो घेतला आणि ६ फेब्रुवारी १९७७ रोजी टोरांटोत हार्ली रेसकडे गमावला. त्या काळी या किताबाच्या मानकऱ्याचं काम काय, तर गावोगाव फिरायचं, तिथल्या नावाजलेल्या पैलवानाशी लढायचं, तासतासभर झुंजायचं आणि गावच्या गड्याचं नाव मोठं करून पुढच्या गावाला निघायचं. उत्तरेकडून आलेला नामांकित मल्ल आपल्या येळ्ळूरच्या महाराष्ट्र मैदानात किंवा आनंदवाडीच्या आखाड्यात उतरतो, गावच्या पोराला घाम फोडतो, आणि त्या रात्री गावचं पोर हरूनही खांद्यावर मिरवलं जातं. मी हे इतक्यांदा बघितलंय, की फंकच्या कामाची किंमत मला वेगळी समजावून घ्यावी लागली नाही. समोरच्याला मोठं करता येणं ही पैलवानकीतली फार वरची पायरी आहे.

त्या पत्रलेखकांना एक आठवण द्यावीशी वाटते. आपण सगळे दारासिंगांना मानतो. २९ मे १९६८ रोजी मुंबईत त्यांनी ज्या लू थेझला हरवलं, तो याच ‘एनडब्ल्यूए’चा कित्येक वर्षांचा जगज्जेता होता. म्हणजे ही परंपरा आपल्या आज्या-पणज्यांनी टाळ्या वाजवून डोक्यावर घेतलेली आहे. आज नातवंडांना ती बघू नका म्हणणं कुणी ऐकणार नाही. नीट समजावून दाखवणं आपल्या हातात आहे.

आता मूळ मुद्द्याकडे, रक्ताकडे येतो.

१५ डिसेंबर १९७७, टोकियो, कुरामाएचा सुमो कुस्त्यांचा मोठा हॉल. एका बाजूला फंक बंधू, दुसऱ्या बाजूला अब्दुल्ला द बुचर आणि द शेख. अब्दुल्लानं जेवणाचा काटा काढला आणि टेरीच्या दंडात खुपसला, पुन्हा पुन्हा. टेरी एक हात लोंबकळत ठेवून दुसऱ्या हातानं ठोसे मारत राहिला. जपानी प्रेक्षक त्या रात्रीपासून त्याचे झाले. या कुस्तीतलं रक्त खरं असतं हे पोरांना सांगायचंच, पण ते निघतं कसं हेही सांगायचं. पुष्कळदा मनगटाच्या पट्टीत ब्लेडचा बारीक तुकडा लपवलेला असतो आणि पैलवान स्वतःच स्वतःच्या कपाळाला चीर देतो. घामात मिसळलं की थोडं रक्तही चेहराभर पसरतं. अशा चिरा वर्षानुवर्षं दिल्यावर कपाळाची कातडी कायमची चरे पडलेली होते. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा धोका वेगळाच. आपल्या पोरांना रक्त दिसतं. कपाळ जवळून दिसत नाही.

३१ ऑगस्ट १९८३ रोजी त्याच हॉलमध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली. वय ३९. गुडघे गेलेले. प्रेक्षकांत बाया-बापे रडत होते. आणि वर्षभराच्या आसपास गडी पुन्हा लंगोट कसून उभा. पुढं त्यानं किती वेळा निवृत्ती घेतली आणि मोडली याचा हिशेब त्याच्या चाहत्यांनीही सोडून दिला. आपल्या तालमीतले म्हातारे पैलवान यात्रा जवळ आली की मांडी थोपटायला लागतात, त्यांना हा माणूस लगेच कळेल. पैलवानकी सोडवत नाही, तिचं काय करायचं?

मला स्वतःला त्याची सगळ्यात आवडणारी कुस्ती विचाराल, तर तीत तार नाही, काच नाही. १५ नोव्हेंबर १९८९, न्यूयॉर्क राज्यातलं ट्रॉय गाव, समोर रिक फ्लेअर. अट अशी, की चीत नाही, गुण नाहीत. जो माइकवर ‘मी हरलो, मी सोडतो’ म्हणेल तो पडला. पंच माइक घेऊन दोघांच्या तोंडाजवळ फिरतोय, दोघंही पट्ट्यासारखे छातीवर सपसप वार करतायत, आणि मधूनमधून माइकमधून फक्त धाप ऐकू येते. शेवटी फ्लेअरनं पायांना वेढा घातला, आणि ४५ वर्षांचा फंक ओरडत ओरडत ते शब्द बोलला. नंतर शब्दाला जागून त्यानं हात मिळवला. माइक हातात घेऊन पोट भरणारा माणूस मी. पैलवानाच्या तोंडाशी नेलेला माइक एवढं बोलतो हे मी त्या कुस्तीत बघितलं. ‘मार खोटा’ म्हणणाऱ्यांनी ती एकदा शेवटपर्यंत बघावी आणि छातीवर उठलेले वळ बघावेत.

त्यानंतरचा भाग कठीण आहे. मला तो आवडतो असं मी म्हणणार नाही, पण वगळता येत नाही. ५ मे १९९३ रोजी जपानात कावासाकीच्या स्टेडियममध्ये तो आत्सुशी ओनिताशी लढला. दोरांच्या जागी काटेरी तारा, तारांना स्फोटकं, आणि ठरल्या वेळी अख्खं रिंगण उडणार. ओनिता जिंकला, भोंगा वाजायला लागला, फंक मात्र आत निपचित. ओनिता बाहेर पडलेला परत आत गेला, त्याला उठवू लागला, आणि उठेना तेव्हा स्वतःचं अंग त्याच्यावर पालथं घातलं. मग स्फोट. हाही खेळच होता, सगळं बसवलेलं होतं. पण भाजणारी कातडी ओनिताची होती. ऑगस्ट १९९५ मध्ये त्याच स्टेडियममध्ये एका स्पर्धेत फंकची, त्याच्यापेक्षा वीस-एक वर्षांनी लहान असलेल्या मिक फोलीशी अंतिम लढत झाली. पुन्हा तारा, पुन्हा स्फोट. फोली जिंकला. फंक ५१ वर्षांचा होता.

वयाची पन्नाशी उलटल्यावर माणसानं असं का करावं? मी यावर पुष्कळ विचार केलाय. पैसा हे एक उत्तर आहेच, पैलवानाला पेन्शन कोण देतो? पण फिलाडेल्फियातली ‘ईसीडब्ल्यू’ बघितली की दुसरं उत्तरही मिळतं. एरवी हौजी खेळतात असल्या एका हॉलमध्ये चालणारी ती लहानशी कंपनी, पोरं सगळी नवी, नाव कुणाचंच नाही. एवढा मोठा माणूस त्या हॉलात आला, त्या पोरांकडून मार खाल्ला आणि त्यांची नावं केली. १३ एप्रिल १९९७ रोजी कंपनीचा पहिला मोठा पैसे भरून बघायचा कार्यक्रम झाला, तेव्हा ५२ वर्षांच्या फंकनं आधी सँडमन आणि स्टीव्ही रिचर्ड्स यांना, मग रेव्हनला पाडून किताब घेतला. चारच महिन्यांनी ९ ऑगस्टला तो साबूच्या हवाली केला. या साबूचा चुलता म्हणजे वर सांगितलेला शेख, म्हणजे फंकची या घराण्याशी दुसरी पिढी चालू होती. त्या दिवशी दोरांच्या जागी काटेरी तार. साबूचा दंड फाटला, त्यानं चिकटपट्टी गुंडाळली आणि पुढं लढला. शेवटी दोघं तारांत असे अडकले की तार कापायच्या पक्कडीनं त्यांना सोडवावं लागलं. आपल्या शेताच्या कुंपणाची तार हाताला लागली तर आपण धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला धावतो.

आणि एक प्रसंग, जो पोरांनी हजार वेळा बघितलाय पण अर्धाच. २८ जून १९९८, पिट्सबर्ग. अंडरटेकरनं मिक फोलीला सुमारे १६ फूट उंच पिंजऱ्याच्या माथ्यावरून खाली टेबलावर फेकलं. ही क्लिप प्रत्येक पोराच्या मोबाइलवर आहे. नंतर फोली पुन्हा वर चढला, तेव्हा माथ्याची जाळी तुटून तो थेट रिंगणात कोसळला आणि शुद्ध हरपली. तेव्हा आत धावत आलेल्यांत फंक होता. अंडरटेकरनं त्याचा गळा धरला आणि असा आपटला की पायांतले बूट निघून रिंगणातच पडले. दोन दिवसांनी ५४ पूर्ण होणाऱ्या या माणसाच्या त्या आपटण्यामुळं फोलीला शुद्धीवर यायला तेवढा वेळ मिळाला. आपल्या मैदानात एखाद्याचा श्वास कोंडला तर दुसरा पैलवान मुद्दाम लंगोट आवळायच्या निमित्तानं वेळ काढतो, ते मी निवेदनाच्या टेबलावरून ओळखतो आणि गप्प राहतो. फंकनं तेच स्वतःच्या पाठीवर केलं. क्लिपमध्ये हा भाग कापलेला असतो. उडी दिसते, बूट दिसत नाहीत.

२००९ साली दोघा भावांना ‘डब्ल्यूडब्ल्यूई’नं आपल्या मानाच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. शेवटची कुस्ती सप्टेंबर २०१७ मध्ये, वय ७३. पुढं स्मृतिभ्रंशानं गाठलं, काळजी घेणाऱ्या निवासात ठेवावं लागलं, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी तो ७९ व्या वर्षी गेला. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत तेव्हा मला चार ओळीही सापडल्या नाहीत.

त्यानं आपल्या शरीराची माती केली हे मी पोरांपासून लपवणार नाही. तारांची आणि स्फोटांची कुस्ती आपल्या यात्रांत येऊ नये, हेही ठासून सांगेन. पण ते सांगण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच आहे, जेव्हा आपण त्याचे कष्ट कबूल करू. पोरं मूर्ख नाहीत. ‘खोटं आहे’ म्हटलं की ती म्हणतात, मग करून बघू. ‘खरं आहे, आणि या माणसानं त्याची ही किंमत मोजली’ म्हटलं की ऐकायला बसतात. मी आमच्या तालमीत हे करून बघितलंय. फंकची सगळी कथा सांगितली तेव्हा एका पोरानं पहिला प्रश्न गुडघ्यांचा विचारला.

याच्या आड आणखी एक दुखणं आहे, तेही थोडक्यात लिहितो. सतपाल आणि हरिश्चंद्र बिराजदार यांच्या बेळगावातल्या कुस्तीच्या आठवणी आपण अजून काढतो. पण त्या पिढीत आपल्याच गावांत लढलेले, कान मोडलेले, गुडघ्याला पट्टा बांधून काठीवर चालणारे पैलवान यात्रेत मागच्या रांगेत बसलेले असतात. एखाद्या वर्षी नारळ आणि फेटा, बास्स. त्यांना कुणी विचारत नाही, वस्ताद, कुठं कुठं दुखतंय, कोणत्या कुस्तीपासून दुखतंय?

म्हणून आपल्याला विनंती. रविवारच्या क्रीडापानावर अशा कारकिर्दी पूर्ण छापाव्यात, फंकचीही आणि आपल्या भागातल्या म्हाताऱ्या पैलवानांचीही, आणि त्यांत दुखापती, दवाखान्याचा खर्च, म्हातारपणाचे दिवस वगळू नयेत. पडावं कसं आणि कुठून पडू नये, यावर एखाद्या हाडांच्या डॉक्टरांकडून सोप्या भाषेत लिहून घ्यावं. यात्रा कमिट्यांनाही आपल्या पत्रातून विचारतो: मैदानाशेजारी प्रथमोपचाराची पेटी आणि गाडी ठेवता का? अजून कित्येक ठिकाणी नसते, जखमी पोराला मोटारसायकलवर मधे बसवून नेलेलं मी बघितलंय.

आणि येत्या हंगामात ज्या कमिटीला हवं असेल तिथं मी पोरांना ही सगळी कथा माइकवरून सांगायला तयार आहे, त्याचं वेगळं मानधन नको. फक्त वेळ पहिल्या क्रमांकाची जोड लावायच्या आधी द्यावा. ती कुस्ती सुटली की पोरं उठून पाळण्याकडं निघतात.

आपला,
एक कुस्ती निवेदक,
ता. जि. बेळगाव